पन्नास नको, पाचच चित्रं पाहा

प्रश्न : मी ठाण्याला पाचपाखाडीत राहते. मुलगी नववीत आहे. तिला इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळाली. तिच्या चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, नुसते कागद रंगवून घेऊ नका, खरी चित्रंही दाखवा. म्हणून एका रविवारी मुंबईतल्या एका मोठ्या कलासंग्रहालयात आजच्या चित्रकारांचं प्रदर्शन पाहायला गेलो. एवढ्या लांब आलोच आहोत तर म्हणून आसपासची आणखी दोन ठिकाणंही उरकली. जाताना मेगाब्लॉक लागला तो वेगळाच. तासाभरात पाय गेले. निम्म्या चित्रांखाली ‘अनटायटल्ड’ लिहिलेलं. लेकीनं विचारलं, “आई, यात काय आहे?” मला सांगता येईना. जाड रंग दाखवायला मी बोट पुढे केलं, तर सुरक्षारक्षक सगळ्यांसमोर ओरडले. शेवटच्या गॅलरीत चित्रकार स्वतः बसले होते, पण बोलायचा धीर झाला नाही. लेक पुन्हा जाऊ म्हणते. मला मात्र अभ्यास न करता पेपरला बसल्यासारखं वाटतं. तिथे नेमकं पाहायचं काय आणि कसं?
– एक आई, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : ताई, लेक स्वतःहून पुन्हा जाऊ म्हणतेय, म्हणजे तो रविवार अगदीच फुकट गेलेला नाही. चुकलं ते एवढंच, की हळदीकुंकवाला जावं तशी तुम्ही एका दिवसात तीन घरं घेतलीत. तीन ठिकाणची मिळून शे-दीडशे चित्रं डोळ्यांसमोरून गेली असतील. इतकी चित्रं चित्रकारालाही एका दिवसात दिसत नाहीत.

आधी पायांचं बोलू, कारण पाय गेले की डोळेही जातात. तलावपाळीला चार फेऱ्या मारल्या तरी आपले पाय असे भरून येत नाहीत. सलग चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायांतलं रक्त वर ढकलत राहतात. दालनात मात्र आपण दोन पावलं टाकतो, थांबतो, पुन्हा दोन पावलं टाकतो, तेही कडक फरशीवर. रक्त खाली साचतं आणि कंबर धरते. शिवाय प्रत्येक चित्राशी मान वर करायची आणि लेबल वाचायला वाकायचं. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी एका माणसाला वस्तू पाहताना किती वाकावं, ताणावं लागतं याचे फोटोच काढले आणि या थकव्यावर लेख लिहिला, तो १९१६ साली. तेव्हा दुखणं जुनं आहे आणि सगळ्यांचंच आहे.

त्यावर उपाय म्हणजे एका भेटीला एकच प्रदर्शन, दीड तास आणि पाच चित्रं. पन्नास असली तरी पाचच. तिकिटाचे पैसे वसूल करायचा हिशेब इथे उलटा पडतो.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं कुठेही न थांबता, एकही लेबल न वाचता, सगळ्या दालनातून एक फेरी मारा. दोघींनी बोलायचं नाही, फक्त मनात खूण करायची. मग बाकावर टेकून चित्रं निवडा : लेकीची तीन, तुमची दोन. पाचातलं एक तरी असं घ्या, जे पाहून कपाळाला आठी पडली. आवडलेल्या चित्रापुढे आपण खूश होऊन पुढे सरकतो, पण न आवडलेल्यापुढे का आवडलं नाही ते शोधावं लागतं. तेव्हाच नजर कामाला लागते. राहिलेल्या वेळात प्रत्येक चित्राला आठ ते दहा मिनिटं द्या. दहा मिनिटं काय पाहायचं, असं वाटेल. म्हणून एक चित्र धरून सांगतो.

समजा, समोर ४ फूट बाय ६ फुटांचा करड्या-तांबूस रंगाचा कॅनव्हास आहे. माणूस नाही, झाड नाही, काही नाही. खाली ‘अनटायटल्ड’.

पहिल्यांदा मागे सरका. चित्राचा कर्ण जेवढा, त्याच्या दीडपट अंतर धरा. या मापाच्या चित्राला ते १० ते ११ फूट होतं. इथून पूर्ण चित्र एका नजरेत मावतं. डोळे किंचित मिटून पाहा. तपशील विरघळतात आणि गडद-फिकटाची मांडणी उरते. वजन कुठे आहे? खाली डावीकडे गडद पट्टा असेल, तर तो तोलायला वर उजवीकडे काय ठेवलंय? तो गडद भाग अंगठ्यानं हवेतच झाकून पाहा. चित्र कोलमडलं, तर तो पट्टा तिथे का आहे ते समजलं. हे तुमच्या लेकीला तुमच्या आधी जमेल. इंटरमिजिएटच्या पेपरात तिनं संकल्पचित्र काढलंय. त्यात वस्तू नसताना आकार कसे तोलायचे, उबदार रंगाशेजारी थंड रंग कसा ठेवायचा, रिकामी जागा किती सोडायची, याच गोष्टींना मार्क होते. अमूर्त चित्र म्हणजे काही परकी लिपी नाही. ज्या प्रश्नाला तिनं मार्क मिळवलेत, तोच प्रश्न इथे भिंतभर मांडलाय. “यात काय आहे” याऐवजी “हे संकल्पचित्र असतं तर तू किती मार्क दिले असतेस आणि कुठे कापले असतेस” असं तिला विचारा. मग बघा कशी बोलते ती.

आता पुढे या, पण हात लांबवला तरी चित्राला लागणार नाही इतपतच, म्हणजे दोन-सव्वादोन फुटांवर. हात मागे बांधलेले बरे. इथून करडा रंग एक राहत नाही. त्याच्या फटींतून खालचा पिवळा दिसतो, कुठे निळा. वरचा थर ओला असताना पुसलाय की वाळल्यावर खरवडलाय? पुसलेल्या रंगाच्या कडा धुरकट असतात, खरवडलेल्याच्या तुटक आणि धारदार, आणि कॅनव्हासच्या विणीचे उंचवटे उघडे पडतात. ब्रशचे फराटे दिसतात का? दिसत नसतील तर रंग बहुधा रोलरनं किंवा पॅलेट नाइफनं, म्हणजे रंग थापायच्या बोथट पात्यानं, लावलाय. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या चित्रांपुढे कधी उभ्या राहिलात, तर नेमकं हेच पाहा. नागपूरला जन्मलेले आणि जे. जे.त शिकलेले गायतोंडे रोलर आणि नाइफ वापरत, कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलत. त्यांच्या चित्रातले ते तरंगणारे आकार असे उमटले आहेत. वर्षाला त्यांची जेमतेम पाच-सहा चित्रं पूर्ण होत. हे ठाऊक झालं की ‘नुसता रंग फासलाय’ हे वाक्य तोंडातून येत नाही.

मग बाजूला जा, भिंतीला जवळपास खेटून, आणि तिरकं पाहा. दिव्याचा उजेड आडवा पडला की पृष्ठभागाचे डोंगर-दऱ्या दिसतात. कुठे रंगाची साय जाड आहे, कुठे कॅनव्हास जवळजवळ कोरा. समोरून कळलंच नव्हतं अशी एखादी बुजवलेली रेघ इथून सापडते. चित्रकाराचं मत तिथे बदललं होतं.

आणि कडा! चौकट नसेल तर कॅनव्हासची जाडी बाजूनं दिसते आणि तिथे बरेचदा पहिल्या थराचे ओघळ राहून गेलेले असतात. ओघळ खाली न जाता आडवे गेले असतील, तर रंगवताना चित्र आडवं फिरवलं होतं. वेगवेगळ्या दिशांना असतील, तर ते फिरवत फिरवत केलेलं असण्याची शक्यता मोठी. चित्र कसं घडलं याचा पंचनामा कडेवर असतो आणि दहातले नऊ जण तो न वाचता निघून जातात.

हे सगळं करून पुन्हा ११ फुटांवर जाऊन उभ्या राहा. आधीचं चित्र आणि आताचं चित्र एकच वाटतं का ते पाहा. दहा मिनिटं इथेच संपतात.

म्हणून लेकीनं “यात काय आहे” विचारलं, तर “मला माहीत नाही, पण कसं केलंय ते शोधू या” एवढं उत्तर पुरेसं आहे आणि खरंही आहे. अर्थ आधी मागितला की चित्राचं कोडं होतं, आणि कोडं सुटलं नाही की चिडचिड होते. आधी घडण पाहिली की अर्थाचा एखादा धागा आपसूक हाती येतो. नाही आला तरी काही बिघडलेलं नसतं.

भिंतीवरचं लांबलचक टिपण शेवटी वाचा. स्पष्टच सांगतो, यातली बरीच टिपणं चित्रांपेक्षा दुर्बोध असतात आणि इंग्रजीचा तर खच असतो. फोटो काढून ठेवा, परतीच्या गाडीत वाचा. तोवर चित्रं पाहून झालेली असतील, तेव्हा टिपणाशी भांडताही येईल.

छोटं लेबल मात्र मोलाचं. चित्रकार, शीर्षक, साल, माध्यम, माप आणि चित्र कुणाच्या संग्रहातलं, एवढं त्यावर असतं. मापात उंची आधी आणि रुंदी नंतर. १२२ × १८३ सेंमी लिहिलं असेल तर चित्र आडवं, सुमारे ४ बाय ६ फुटांचं. सालाच्या जागी दोन सालं असतील तर ते मधे काही काळ भिंतीला तोंड करून उभं राहिलेलं असू शकतं. सर्वांत जास्त बोलतं ते माध्यम. ‘ॲक्रिलिक’ असेल तर रंग तासाभरात वाळलेला, म्हणजे चित्रकाराला भराभर थर चढवता आले, कडा कापल्यासारख्या ठेवता आल्या. ‘ऑइल’ असेल तर एकेक थर दिवसचे दिवस ओला, म्हणून रंग एकमेकांत मिसळवायला सवड. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या लेबलवर ‘इनॅमल’ दिसेल. इनॅमल म्हणजे घराच्या ग्रिलला लावतात तोच. त्याचा सपाट, तुकतुकीत पृष्ठभाग बरव्यांच्या त्या शांत, सुट्यासुट्या वस्तूंना शोभतो. ‘मिक्स्ड मीडिया’ लिहिलं असेल तर काय काय मिसळलंय ते ओळखायचा खेळ लेकीला द्या : कोळसा, वर्तमानपत्र, वाळू, धागा. ‘सेरिग्राफ’ किंवा ‘एचिंग’ आणि पुढे ३/१० असा अपूर्णांक असेल तर तो छाप आहे, दहा प्रतींतला तिसरा. तिथे ब्रशचा फराटा शोधत बसू नका. आणि ‘अनटायटल्ड’चं वाईट वाटून घेऊ नका. नाव दिलं की आपण चित्रात ते नाव शोधतो आणि सापडलं की पाहणं थांबवतो. बरेच चित्रकार ते टाळण्यासाठीच नाव देत नाहीत. काहींना सुचत नाही, हेही आहेच.

पुढच्या भेटीसाठी एक सुचवतो. थेट अमूर्तापासून सुरुवात न करता, माणसं आणि शहर रंगवणाऱ्या समकालीन चित्रकाराचं प्रदर्शन लागलं तर ते धरा. सुधीर पटवर्धन तर तुमच्याच गावचे. पेशानं रेडिओलॉजिस्ट, ठाण्यात वर्षानुवर्षं प्रॅक्टिस केली आणि २००५ पासून पूर्ण वेळ चित्रकार. इराणी हॉटेलात बसलेला माणूस, लोकलमधली गर्दी, कामगार, उंचसखल जागी वाढत गेलेल्या वस्त्या हे त्यांचे विषय. त्यांच्या मोठ्या शहरचित्रांत एक गंमत आहे. रस्ता वरून पाहिल्यासारखा, इमारत समोरून, आणि पूल तिसऱ्याच कोनातून. एका जागी उभं राहून असं दिसूच शकत नाही. लेकीला विचारा, हे चित्र काढायला माणूस किती ठिकाणी उभा राहिला असेल? ती मोजायला लागेल. माणसं ओळखीची असल्यामुळे ‘काय आहे’ हा प्रश्न तिथे अडवत नाही आणि ‘कसं केलंय’ याला वेळ मिळतो. ती सवय झाली की गायतोंड्यांपुढे न्या.

आता सुरक्षारक्षकांचं. ओरडायला नको होतं, हे खरं. पण बोट का चालत नाही ते लेकीला सांगून ठेवा. बोटावर घाम, क्षार आणि तेल असतं. डाग त्या वेळी दिसत नाही. पुढे त्यावर धूळ धरते आणि तो काळपट होतो. ॲक्रिलिकची साय तर आपल्याकडच्या उकाड्यात मऊच राहते, धूळ तिच्यात रुतते आणि ती स्वच्छ करणं फार कटकटीचं. तैलरंगाचा जाड थर वरून कोरडा वाटला तरी आतून वाळायला महिने लागतात. वार्निशसाठीच सहा महिने ते वर्षभर थांबायचा रिवाज आहे. कॅनव्हासला धक्का लागला की त्या क्षणी काही होत नाही, पण काही वर्षांनी नेमक्या त्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल चिरा उमटतात. असे धक्के बहुतेक वेळा बोटाचे नसतात, पाठीवरच्या सॅकचे असतात. माणूस फोटोसाठी मागे सरकतो आणि मागच्या चित्राला सॅक लागते. तेव्हा सॅक दाराशी जमा करा किंवा पोटाशी घ्या. पाण्याची बाटली, ओली छत्री आत नको.

जाड रंग दाखवायचाय तर दोन फुटांवरून, हात पाठीशी ठेवून, हनुवटीनं दाखवा. विचित्र दिसतं, पण रक्षक हसतात, ओरडत नाहीत. काही कामं तर हात लावण्यासाठीच केल्यासारखी वाटतात. अतुल डोडियांनी दुकानाच्या पत्र्याच्या शटरवर चित्रं केली आहेत. शटर वर गेलं की आत दुसरं चित्र. असं काही दिसलं तर स्वतः उचलायला जाऊ नका. “आत काय आहे, उघडणार का?” असं रक्षकांना विचारा.

फोटो काढायला परवानगी आहे का हे प्रत्येक प्रदर्शनाला वेगळं असतं, आत शिरतानाच विचारा. फ्लॅश कुठेच नको. दालनात अंधार का वाटतो, तर कागदावरच्या कामांना, जलरंगांना साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आणि तैलरंगांना २०० लक्सच्या आसपास उजेड ठेवायची पद्धत आहे. जास्त उजेडानं रंग उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. दक्षिण मुंबईतल्या काळा घोड्याच्या उन्हातून थेट आत गेलं की सगळं मातकट दिसतं. दोन-तीन मिनिटं डोळ्यांना द्या, मगच ती पहिली फेरी सुरू करा. आणखी एक, काचेमागच्या चित्रांत आपलंच प्रतिबिंब पडतं. त्या दिवशी पांढरा किंवा फिकट कुर्ता न घालता गडद रंगाचं काही घाला, निम्मा त्रास जातो.

चित्रकाराशी बोलायचा धीर झाला नाही म्हणता. जहांगीरसारख्या दालनात प्रदर्शन आठवडाभराचं असतं आणि चित्रकार सगळे दिवस तिथेच बसलेला असतो. ती तारीख मिळवायला तो काही वर्षं थांबलेलाही असतो. दुपारी दोन-तीनच्या सुमारास माणसं कमी असतात. त्या वेळी कुणी नीट प्रश्न विचारला तर बहुतेकांना आवडतं. प्रश्न घडणीचा विचारा. “सुरुवात कुठून केलीत?”, “हा निळा आधी होता की नंतर आला?”, “थांबायचं कधी ठरवलंत?” कडेवरचे ओघळ पाहिले असतील तर तेच विचारा. माणूस खुर्ची सोडून उठतो आणि चित्रापाशी येऊन सांगायला लागतो. “याचा अर्थ काय” आणि “किती दिवस लागले” हे त्यानं सकाळपासून वीसदा ऐकलेलं असतं. “माझी मुलगीपण असंच काढते” हे तर बोलूच नका. कौतुक तुम्ही लेकीचं करता, पण ऐकणाऱ्याला ते वेगळंच लागतं. त्यापेक्षा लेकीलाच पुढे करा. नववीतल्या मुलीनं “सर, तुम्ही कुठला ब्रश वापरता?” विचारलं की हातातलं काम टाकून सांगतात. किंमत विचारायलाही हरकत नाही, टेबलावर बहुधा यादी असते. लेबलशेजारी लाल टिकली म्हणजे चित्र विकलं गेलंय. अभिप्रायाच्या वहीत ‘खूप छान’ लिहू नका. ‘तिसऱ्या चित्रातला खालचा हिरवा लक्षात राहिला’ असं एक वाक्य लिहा. चित्रकार ती वही घरी नेऊन वाचतात.

वाराचं गणित नीट बसवा. रविवार टाळा. मध्य आणि हार्बर दोन्ही मार्गांवर मेगाब्लॉक असतो आणि फोर्ट-कुलाब्यातल्या बऱ्याच खासगी गॅलऱ्या त्या दिवशी बंद. शनिवार उत्तम. सोमवारी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे रीगल सिनेमासमोरचं एनजीएमए, बंद असतं. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ सालचं, मुंबईतलं सगळ्यात जुनं, बुधवारी बंद. तिथे जुन्या वस्तूंच्या मधोमध आजच्या चित्रकारांची कामं मांडतात, ती जरूर पाहा. जहांगीर १९५२ पासून चालू आहे, सातही दिवस ११ ते ७, प्रवेश फुकट. तिथला आठवडा मंगळवारी सुरू होतो आणि सोमवारी संपतो. मंगळवारी सकाळी चित्रं अजून टांगणं चाललेलं असू शकतं, संध्याकाळी उद्घाटनाची गर्दी आणि सोमवारी उशिरा बांधाबांध. म्हणजे बुधवार ते शनिवार या दिवसांतच जा. एनजीएमएत एक प्रदर्शन उतरून दुसरं लागेपर्यंत दालनं बंद असतात, तेव्हा निघण्याआधी फोन करून काय लागलंय ते विचारा. तिथे घुमटाखालच्या दालनापर्यंत जिनेच जिने आहेत. तुमची पाच चित्रं वेगवेगळ्या मजल्यांवरची असतील तर वरची आधी पाहा.

ठाण्याहून सीएसएमटी फास्टनं साधारण पाऊण तासाचीच वाट आहे. ब्लॉकमुळे तुम्हाला लांब वाटलं. तिथून डी. एन. रोडनं हुतात्मा चौकावरून काळा घोडा चालत वीस मिनिटं. मेट्रो ३ नं सीएसएमटीहून हुतात्मा चौक एकच स्टेशन आहे, पण खाली उतरून वर यायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात चालत पोचता. पाऊस असेल तर मात्र मेट्रोच बरी. भायखळ्याला ठाण्याची फास्ट थांबते. नवी मुंबईकर वाचकांनी ध्यानात ठेवावं, हार्बरची गाडी भायखळ्याला जात नाही, कुर्ल्याला बदलावी लागते.

जेवून निघा. जहांगीरमधलं समोवार कॅफे २०१५ साली बंद झालं, जुन्या आठवणीवर विसंबू नका. डबा नेलात तर हॉर्निमन सर्कलच्या बागेत सावली आहे.

लेकीच्या हाती ए-५ मापाची वही आणि २बी पेन्सिल द्या. पेन, स्केचपेन, रंग काही नको. शाई उडण्याच्या भीतीनं संग्रहालयात पेन्सिलच चालते, आणि तीही रक्षकांना विचारून. चित्राची नक्कल करू देऊ नका, भिंतीशी उभं राहून ती धड होत नाही आणि लोकांची वाट अडते. तीन-चार इंचांची चौकट आखून त्यात गडद, मधला आणि फिकट एवढ्या तीनच छटांत चित्राची मांडणी करायला सांगा. एका चित्राला पाच मिनिटं. खाली बाणानं शब्द लिहायचे : ‘इथे खरवडलंय’, ‘इथे ओघळ आडवा’, ‘हा कोपरा रिकामा’.

घरी आल्यावर त्या वहीत डोकावू नका, फोटोही उघडू नका. इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर होताच. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचातलं एक चित्र तिला आठवणीतून, पाव ड्रॉइंग पेपरवर, अर्ध्या तासात काढू द्या. तुम्हीही काढा, रेघोट्या का होईनात. मग फोटो शेजारी ठेवा. आकार बहुधा जागेवर असतील, रंग चुकलेले असतील, आणि एखादा पूर्ण कोपरा दोघींच्याही कागदावर नसेल. तो कोपरा लाल पेन्सिलीनं गोल करून ठेवा. प्रदर्शन अजून चालू असेल तर पुढच्या शनिवारी तेवढ्यासाठी जाऊन या.